कुंदाचं नाव

आमच्या घराखालच्या जागेला आजवर चार नावं लागली. खालच्या पबचा मॅनेजर मध्यंतरी वर आला आणि म्हणाला, "मॅडम, मेन्यूच्या मागे थोडी हिस्टरी छापायचीय. जुन्या पबची असते ना तशी. तुम्ही सगळ्यात जुन्या, तुम्हीच द्या." चांगला मुलगा आहे, मुलाखतीला जावं तसा शर्ट खोचून आला होता. मी त्याला अर्ध्या पानात नावं क्रमानं लिहून दिली. मी याद्या करणारी बाई आहे. वाण्याची, औषधांची, कुणाला काय द्यायचं राहिलं त्याची, अशा सगळ्या याद्या माझ्या फ्रिजवर चुंबकाखाली असतात. त्यामुळे ते काम मला सोपं गेलं. पण चार नावांमधलं दुसरं नाव लिहून झाल्यावर त्याच्यापुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून तिथे नुसती रेघ मारली. ती रेघ भरायला हे प्रकरण.

पहिल्या नावाला पाटीच नव्हती. वाकोल्याच्या गावठाणातलं ते कौलारू घर मेरी आंटीचं. दारूबंदीच्या काळात ती मागच्या पडवीत गाळायची आणि पुढच्या पडवीत द्यायची. लोक "आंटीकडे जाऊन येतो" म्हणायचे, आणि ते ऐकून कुणाला पत्ता विचारावा लागत नसे. माझे बाबा मालवणकडून गिरणीत आले आणि गिरणीतून आंटीकडे. आधी गिऱ्हाईक म्हणून आले, मग ग्लास विसळायला राहिले, आणि पुढे आंटीचा मुलगा परदेशी गेला तो परतलाच नाही तेव्हा आंटीनं खालचा सगळा मजला बाबांच्या हाती दिला. वरच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि मागच्या खोलीत आंटी, तिची कोंबडी आणि तिचा क्रूस. परमिट रूमचं लायसन बाबांना मिळालं त्याच आठवड्यात माझी मोठी बहीण जन्मली. बाबांनी तिचं नाव कुंदा ठेवलं आणि बारचंही तेच ठेवलं. दत्ता पेंटरनं निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत 'कुंदा बार अँड परमिट रूम' लिहिलं आणि कोपऱ्यात कुंदाचं एक फूल काढलं. ते फूल त्यानं फुकट काढलं, असं तो पुढे जन्मभर सांगत राहिला. आंटी तेवढी दारात उभी राहून म्हणाली होती म्हणे, "पोरीचं नाव दाराला लावलंस बाबा, पोरीला काय उरवलंस?" बाबा हसले. त्यांना त्यात लाडाशिवाय काही दिसत नव्हतं. गावी होडीला मुलीचं नाव देतात, तसं त्यांनी बारला दिलं.

त्या घरात वाढण्याचे आवाज मला अजून क्रमानं आठवतात. सकाळी क्रेट उतरायचे, बाटल्यांचा तो दातांवर दात आपटल्यासारखा आवाज. मग आईचा पाटा. बारला चखणा वरून जायचा, त्यामुळे रोज दुपारी आई काळ्या वाटाण्याच्या उसळीचं वाटप वाटायची. भाजलेल्या खोबऱ्याचा आणि कांद्याचा वास जिन्यानं खाली जायचा आणि सोडा-लिंबाचा, विडीचा आणि तळलेल्या बोंबलांचा वास त्याच जिन्यानं वर यायचा. आमच्या शाळेच्या दप्तरांना दोन्ही वास असायचे. आम्हा मुलींना खाली पाऊल टाकायची बंदी होती. एकच दिवस सूट, दसऱ्याची सकाळ. त्या दिवशी बार धुऊन काढायचा, टेबलं भिंतीला लावायची, आणि बाबा नारळ, विडी आणि एक क्वार्टर जागेच्या राखणदार देवापुढे ठेवून गाऱ्हाणं घालायचे. आम्ही सगळे मागे उभे राहून प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचो. आंटीही यायची. ती "व्हय म्हाराजा" म्हणायची आणि शेवटी, एका देवाचा दुसऱ्या देवाला राग नको म्हणून, हळूच "आमेन"ही म्हणायची.

संध्याकाळ झाली की खालून हाका सुरू व्हायच्या. "कुंदा उघडलं काय रे?" "आज कुंदाला गर्दी हाय." "चल, कुंदात बसू." माझी ताई खिडकीशी बसून अभ्यास करायची. मी लहान होते तोवर मला हे काही वाटत नसे. ताईचं नाव सगळ्यांना माहीत आहे याचा मला हेवाच वाटे. ताई मात्र खिडकी लावून घ्यायची. उन्हाळ्यातसुद्धा. आई ओरडायची, "बाय, उकडून मरशील गं!" आई तिला बायच म्हणायची. ताई वहीनं वारा घ्यायची.

शाळेत ते चाललं, कॉलेजात वाढलं. सांताक्रूझला कॉलेजात हजेरीला तिचं नाव आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी "एक क्वार्टर!" म्हणायचं. एकदा तापामुळे ती गेली नाही, तर फळ्यावर कुणी लिहून ठेवलं, 'आज ड्राय डे'. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मला हसू आलं, कारण खरंच विनोदी होतं. तीही हसली. मग हसता हसता तिनं तोंड भिंतीकडे केलं.

त्याच आठवड्यात ती बाबांपुढे उभी राहिली. बाबा जेवत होते, तिसऱ्यांचं सुकं आणि भाकरी.

"बाबा, बारचं नाव बदला."

"कित्या?"

"माझं आहे म्हणून."

बाबांनी शिंपला चोखून ताटाच्या कडेला ठेवला. "अगो, तुझा असा म्हणानच ठेवलंय. तुझ्या पायगुणान माका ह्या सगळा गावला. देवाक सांगान ठेवलेला नाव असा ता. बदलूचा नाय."

"देवाला सांगितलंत. मला विचारलंत का?"

"तू तेवा पाळण्यात होतंस गो," बाबा म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले. आईही हसली. ताईनं त्यांचं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं, अर्धी भाकरी त्यात असतानाच. त्यानंतरही तिनं बाबांना दोन-चारदा विचारलं. एकदा रागानं, एकदा रडत, एकदा चहा देता देता, सहज विचारावं तसं. उत्तर तेच. बाबा वाईट नव्हते. त्यांना वाटे, एवढं मोठं नाव आपण मुलीला दिलं, सगळ्या वाकोल्याच्या तोंडी आहे, आणि ही वेडी ते परत करतेय.

मग मुलुंडचं स्थळ आलं. ताई तेव्हा एका ऑफिसात टायपिस्ट होती. मुलगा शांत, त्याचे वडील बँकेत, आई शिक्षिका. दोन पिढ्यांचे पुस्तकांचे लोक. आईनं खालच्या मजल्याला ताकीद दिली होती की ते येऊन जाईतोवर बोंबील तळायचे नाहीत. बाबांनी बार दुपारी बंदच ठेवला. वर पोहे, ओलं खोबरं, कोथिंबीर. ताई मोरपंखी साडी नेसली होती. सगळं नीट चाललं होतं. मुलाच्या आईनं ताईला काय वाचतेस विचारलं, ताईनं सांगितलं, ते त्यांना आवडलंही. मग मुलाचे वडील, बशी खाली ठेवत, अगदी सौम्यपणे म्हणाले, "स्टेशनवर रिक्षा केली. पत्ता सांगायला लागलो तर रिक्षावाला म्हणाला, कुंदा ना, बसा. म्हणजे आमच्या आधी त्यालाच मुलीचं नाव माहीत."

खाली कुणीतरी बंद शटरवर थाप मारली आणि ओरडलं, "आज कुंदा बंद काय रे? वाट लागली!" ताईनं चहाचा ट्रे उचलला तेव्हा कप थरथरले नाहीत, हे मला आठवतं, कारण मी त्यांच्याकडेच बघत होते.

निरोप नंतर आला. मुलगी पसंत आहे. फक्त बारचं नाव लग्नाआधी बदलावं. बाबांनी निरोप ऐकला, चपला घातल्या आणि तडक दत्ता पेंटरकडे गेले. देवाला सांगून ठेवलेलं नाव एका दिवसात बदलायचं ठरलं.

बाबा परत आले तेव्हा ताई जिन्यात बसली होती. मी तिच्या वरच्या पायरीवर. ती म्हणाली, "मी कॉलेजपासून सांगतेय बाबा. एवढी वर्षं. त्यांनी एकदा सांगितलं, तर लगेच?"

बाबा खालच्या पायरीवर उभे राहिले. त्यांच्या हातात दत्ताकडचा रंगाचा नमुना होता, पत्र्याचा छोटासा निळा तुकडा. त्यांनी तो उगाच उलटा-सुलटा केला. "लगीन मोडला असता, बाय," असं काहीसं पुटपुटले. त्यांनी तिला बाय म्हटलं तेव्हा मला नवल वाटलं, कारण तो शब्द आईचा होता. ताई उठली आणि बाजूला झाली, त्यांना वर जाता यावं म्हणून. आज मी त्या वेळच्या बाबांपेक्षा वयानं मोठी आहे. आता वाटतं, त्यांना तेव्हा पहिल्यांदाच कळलं असावं, की हिचं म्हणणं खरं होतं. पण कळलं ते परक्यांच्या तोंडून कळलं, आणि मुलीला हे कधी माफ करता येत नाही.

दसरा नव्हता, तरी पाटी उतरवायच्या सकाळी बाबांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याशिवाय नाव काढणं म्हणजे देवाला न सांगता बिऱ्हाड हलवणं, असं त्यांना वाटे. टेबलं भिंतीला लावली. आई, मी, ताई, आंटी, आणि शिडी घेऊन दत्ता पेंटर. बाबांनी नारळ ठेवला, विडी ठेवली, क्वार्टरचं बूच उघडून ठेवलं, आणि टोपी डोक्यावर नीट बसवून सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या राखणदारा! आज जा काय तुझ्या पुढ्यात ठेवलंय ता गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जागेक मी माझ्या चेडवाचा नाव दिलंय. त्या नावान माका भाकरी गावली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता चेडू परक्या घराक चलला." इथे बाबा थांबले. गाऱ्हाणं घालताना थांबायचं नसतं. दत्तानं शिडी धरलेला हात बदलला. आंटीनं मान खाली घातली. मग बाबांचा आवाज आला, त्यांच्या नेहमीच्या आवाजाच्या निम्मा. "तेचा नाव तेका परत देतंय रे म्हाराजा. काय चुकला माकला असात ता माझ्या पदरात घाल, तेच्या घालू नको."

या वाक्याला आमच्यापैकी कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. आई पदर तोंडात धरून उभी. आणि मग मागून ताईचा एकटीचा आवाज आला, स्वच्छ, हजेरीला द्यावा तसा: "व्हय म्हाराजा."

आंटी "आमेन" म्हणाली.

दत्तानं पाटी उतरवली. नवं नाव आमच्या गावच्या देवीचं, 'सातेरी'. पत्रा तोच, अक्षरांवर निळा हात मारून वर नवी अक्षरं. कोपऱ्यातलं फूल मात्र त्यानं पुसलं नाही. बाबांनी विचारलं तर म्हणाला, "पावन्यांनी नाव काढूक सांगल्यानी ना? फुलाबद्दल काय बोलणा झाला नाय."

पुढचा महिना, लग्नापर्यंतचा, हा ताईच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ होता असं मी म्हणेन, आणि मी उगाच काही म्हणणारी नाही. ती खिडकी उघडी ठेवू लागली. खाली लोक अजून "कुंदा उघडलं काय"च म्हणत होते, पण ती म्हणायची, "म्हणू देत गं. पाटीवर नाही आता. आता माझं एकटीचं आहे." ट्रंकेवर तिनं दत्ताकडून नाव रंगवून घेतलं. रुमालांच्या कोपऱ्यात 'कुं' भरला. वाण्याकडे, शिंप्याकडे, सोनाराकडे, कुणी नाव विचारलं की मान वर करून सांगायची. बाबांशी बोलायला लागली. एकदा मी दोघांना जिन्यात शेजारी बसून शेंगा खाताना पाहिलं; टरफलं एकाच कागदावर टाकत होते.

लग्न मुलुंडला झालं. गृहप्रवेशानंतर पाटावर दोघांना बसवलं आणि समोर तांदळाचं ताट आलं. त्या काळी बहुतेक घरांत नवऱ्या मुलीचं नाव बदलत, आम्हालाही त्याची कल्पना होती. पण मुलाला कुंदा नाव आवडतं असं ताईनं मला सांगितलं होतं, त्यामुळे ताटाकडे मी निर्धास्तपणे बघत होते. मुलानं अंगठी हातात घेतली. त्याची आई त्याच्या कानाशी वाकली. त्यानं एकदा ताईकडे पाहिलं आणि तांदळात सावकाश लिहिलं, 'अनघा'. टाळ्या झाल्या, पेढे फिरले. सासूबाई आईजवळ येऊन म्हणाल्या, "पाटी उतरवलीत ते चांगलंच केलंत हो, पण लोकांच्या तोंडाला कुठे हात लावणार? तिचंच नाव नवं केलेलं बरं." त्या प्रेमानंच बोलत होत्या. त्यांचंही काही चुकलं असं मला सांगता येत नाही.

बाबा दाराशी उभे होते, त्यांना अक्षरं दिसली नाहीत. त्यांनी आईला विचारलं, "काय नाव ठेवल्यानी?" आईनं सांगितलं. हातातला पेढा त्यांनी तसाच रुमालात बांधला. टोपी काढली, परत घातली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी परत दिललंय गो." एवढंच.

त्या दिवसापासून बाबांनी ताईला नावानं हाक मारणं सोडलं. जुनं नाव घ्यायची सोय नव्हती आणि नवं त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. "अगो", "ऐकलंस", "मुलुंडाक फोन लाय" असं चालायचं. मी एकदा ताईला विचारलं, नवं नाव आवडलं का. ती म्हणाली, "चांगलं आहे गं. फक्त कुणी हाक मारली तर दोनदा मारावी लागते." तिचा संसार नीट झाला, नवरा चांगला निघाला, मुलगी झाली, ईशा. पण ईशाला घेऊन ती वाकोल्याला कधी आली नाही. दिवाळीला, वाढदिवसाला आम्हीच मुलुंडला जायचो, डब्यात काळ्या वाटाण्याची उसळ घेऊन. बाबा गेले तेव्हा ती एकटी आली, जिना चढताना पाटीकडे, कोपऱ्यातल्या त्या फुलाकडे पाहिलं, आणि दिवस होईतो राहून गेली. मग आंटी गेली, आई गेली. माझं लग्न जमलं नाही. पाटीवर तेव्हा देवीचं नाव होतं, म्हणजे कारणं वेगळी, ती इथे नकोत.

पुढे नियम आला की दारूच्या जागेला देवादिकांचं नाव चालणार नाही. सातेरीची पाटी उतरली, फुलासकट. मी जागा भाड्यानं दिली आणि भाडेकरूंनी तिथे 'द ओल्ड बॅरल' नावाचा इंग्लिश पब काढला. काळं लाकूड, साखळीला टांगलेली पाटी, दारात एक पिंप. आमच्याकडे पिंप कधीच नव्हतं, होते ते क्रेट; पण आता ते जुनं म्हणून खपतं.

ताई गेल्या पावसाळ्यात गेली. आजार लांबला नाही. शेवटी शेवटी ती गुंगीत असायची. नर्स "अनघाताई, अनघाताई" करून हाका मारायची आणि ती डोळे उघडत नसे. मी "ताई" म्हणायचे. जन्मभर तेच म्हणत आले, दुसरं काही माझ्या तोंडात आलंच नाही. पेपरातल्या बातमीत, हार घातलेल्या फोटोखाली, सगळीकडे अनघा. मी वाचून शुद्धलेखन तपासलं. सगळं बरोबर होतं.

मागच्या शनिवारी ईशा पहिल्यांदा वाकोल्याला आली. आईच्या साड्यांतली एक मला द्यायला आणली होती. संध्याकाळची वेळ, खाली टेबलं मांडत होते. तिनं पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "मावशी, मी रिक्षावाल्याला मॅपवरचं नाव सांगितलं, ओल्ड बॅरल. त्याला कळेचना. म्हातारा होता. मग इथला रस्ता सांगितला तर म्हणतो, असं होय, कुंदाला जायचंय, मघाशीच सांगायचं ना. हे कुंदा कोण?"

माझ्या हातात ती साडी होती, मोरपंखी. मी घडी उलगडली, परत घातली. पबच्या मेन्यूसाठी लिहिलेला कागद आठवला, आणि त्यातली रेघ.

"तुझी आई," मी म्हटलं.

मी तिला सगळं सांगितलं, आंटीच्या पडवीपासून तांदळाच्या ताटापर्यंत, या पानांत आहे त्याच क्रमानं. सांगून झाल्यावर मी चहा ठेवायला उठले. खाली कुणीतरी मोबाईलवर मोठ्यानं कुणाला तरी बोलावत होतं, "अरे यार, कुंदाच्या दारातच उभा आहे ना मी! ये लवकर!"

ईशा खिडकीशी गेली. तिथेच, जिथे ताई वहीनं वारा घेत बसायची. तिनं बाहेर वाकून बघितलं.

"मावशी, गॅस बारीक कर ना," ती म्हणाली. "नीट ऐकू येत नाही. परत म्हणेल तो."